दारूच्या घरात वाढलेली भावंडं: मोठेपणी एकमेकांशी बोलायचं कसं, आई सांभाळायची कशी, वाटण्या करायच्या कशा

बाप प्यायचा त्या घरातली पोरं मोठी होतात, नोकऱ्या लागतात, लग्नं होतात, मग बाप एकतर पिणं सोडतो नाहीतर जातो, आणि गावाला वाटतं सुटली बिचारी. खरी भांडणं तिथून पुढं लागतात आणि ती बापाशी नसतात, एकमेकांशी असतात. आईला कोण ठेवणार, उधारी कोण फेडणार, बहिणीने हक्कसोड (वाट्यावरचा हक्क सोडल्याचा कागद) का दिली नाही, धाकटा लांब बसून अक्कल का शिकवतो. विषय पैशाचा किंवा आईच्या औषधांचा असतो पण आवाज चढतो तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी रात्रीवरून.

आम्ही तिघं. दादा, मी आणि धाकटा. गाव सांगली जिल्ह्यातलं, अण्णा साखर कारखान्यात हंगामी कामगार. गाळप हंगाम चालू असला की पूर्ण पगार, बंद झाला की रिटेन्शनवर, म्हणजे बंद काळात मिळणाऱ्या थोड्या पगारावर, घर चालायचं आणि त्याच महिन्यांत पिणं वाढायचं. आज दादा-वहिनी आईसोबत गावात, मी पुण्यात, धाकटा बंगळुरूला. हे लिहितेय ते अशाच घरातल्या तिशी-चाळिशी-पन्नाशीतल्या भावंडांसाठी. दारूच्या जागी बापाचा जुगार असेल, आईचा न सांगितलेला मानसिक आजार असेल, रोजची मारझोड असेल, तरी बरंचसं लागू पडेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की भूतकाळावर एकमत करायच्या मागे लागू नका. बाप कसा होता, जास्त कोणी सोसलं, आई बरोबर वागली का, यावर तुमचं तिघाचौघांचं कधीच जुळणार नाही आणि ते जुळल्याशिवाय पुढची कामं होणार नाहीत असं धरून बसलात तर आयुष्य त्यातच जाईल. एकमत करायचं ते आजच्या कामावर. बाकी आठवणी ज्याच्या त्याच्या, फक्त दुसऱ्याची आठवण खोटी पाडायची नाही.

सुरू करण्याआधी एक गोष्ट

घरात लैंगिक अत्याचार झालेला असेल, किंवा भावंडांपैकीच कोणी मारहाण, धमक्या करत असेल तर खालची "बसून बोलू" वाली पद्धत वापरू नका. ज्याच्यावर झालं त्याला सगळ्यांसमोर बसवून "सांग काय झालं" म्हणणं म्हणजे परत तोच त्रास. तिथं आधी ती व्यक्ती सुरक्षित आहे का ते बघायचं, मग एकट्याने समुपदेशक, गरज असेल तर वकील. तातडीला 112, बायकांसाठी 181. मारणारा भाऊ असला तरी 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा त्याच घरात राहणाऱ्या बहिणीलाही लागू होतो, तो फक्त नवऱ्याविरुद्धचा कायदा नाहीये.

पहिली पायरी: आधी एकट्याने लिहून काढा

कोणालाही फोन करायच्या आधी एक वही घ्या. मतं लिहायची नाहीत, घडलेलं लिहायचं. "अण्णा नालायक होते" हे मत झालं. "मी सहावीत असताना आई दादाला संध्याकाळी गुत्त्यावर पाठवायची, अण्णांना बोलवून आण म्हणून, आणि तो बाहेर सायकल धरून उभा राहायचा कारण आत जायची लाज वाटायची" हे घडलेलं. दोन्हीत फरक असा की मतावर भांडण होतं, घडलेल्यावर सहसा समोरचा गप्प होऊन ऐकतो.

मग त्या घरात आपलं काम काय होतं ते लिहा. अशा घरात प्रत्येक पोराला न सांगता एक काम लागतं. शॅरन वेगशायडर-क्रूझ नावाच्या अमेरिकन समुपदेशक बाईंनी दारूच्या घरांवर काम करताना याचे प्रकार मांडलेत, म्हणजे एक कर्तबगार पोर जे घराची अब्रू राखतं, एक बदनाम पोर ज्याच्यावर सगळं ढकलता येतं, एक असून नसल्यासारखं गप्प पोर, आणि एक हसवणारं. हे काही निदान नाही, एकाच माणसात दोन-तीन असू शकतात. पण स्वतःला ओळखायला उपयोग होतो. दादा कर्ता होता. मी मधली, आवाज चढायच्या आत ताट वाढून ठेवणारी, आईचा निरोप अण्णांना आणि अण्णांचा आईला पोचवणारी, आणि अजूनही ऑफिसात दोघांचं वाजलं की माझं पोट दुखतं. तुमचंही असं काहीतरी असणारच, ते शोधा, कारण भावंडांच्या भांडणात आपण नेमके त्या जुन्या कामावर परत रुजू होतो. कर्ता हुकूम सोडतो, बदनाम पोर दार आपटून जातं, गप्प असलेलं फोन उचलत नाही आणि मधली सगळ्यांना वेगवेगळे फोन करत बसते.

दुसरी पायरी: एक कालरेषा, सगळ्यांची मिळून

मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट हीच, म्हणून सविस्तर सांगते.

मोठा कागद आडवा धरा. वर सालं टाका, पहिल्या पोराच्या जन्मापासून. त्याखाली एक ओळ घराची: कुठं राहत होतो, भाड्याचं की स्वतःचं, नोकरी होती की सुटलेली, कर्ज, आजी-आजोबा सोबत होते का. एक ओळ दारूची: कधी सुरू, कधी वाढली, कधी सोडली, परत कधी धरली. मग प्रत्येक भावंडाची एक ओळ, त्या साली वय किती, कितवीत, घरात होता की होस्टेलला की मामाकडे. बस. कोणाचं चुकलं वगैरे या कागदावर लिहायचं नाही. सालं आठवत नसतील तर शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड, बहिणीच्या लग्नाची पत्रिका, विम्याच्या पावत्या काढा, आत्याला विचारा.

आमच्याकडे हा कागद झाला आणि एक गोष्ट समोर आली जी खरं तर सगळ्यांना माहीतच होती. अण्णांनी सोडली तेव्हा दादा बारावी होऊन कामाला लागलेला, मी दहावीत आणि धाकटा दुसरीत. म्हणजे धाकट्याला जे अण्णा आठवतात ते त्याला सायकलवर शाळेत सोडणारे, यात्रेत खांद्यावर घेणारे अण्णा आहेत. तो जेव्हा "एवढे काही वाईट नव्हते रे अण्णा" म्हणायचा तेव्हा दादाचं डोकं फिरायचं, याला काय माहितीये म्हणून, आणि धाकट्याला वाटायचं हे दोघं मेलेल्या माणसाला सोडत नाहीत. दोघंही खरंच बोलत होते. कागदावर दुसरीच्या शेजारी बारावी दिसली की ते कोणाला समजवायला लागत नाही.

कागदाचा दुसरा फायदा म्हणजे काही गोष्टींची कारणं सापडतात. बदनाम भाऊ दहावी नापास झाला ते वर्ष आणि बापाची नोकरी गेली ते वर्ष एकच निघतं. आई सारखी आजारी असायची ती दोन वर्षं सगळ्यात जास्त दारूची होती असं दिसतं. कोणी दोष दिला नाही तरी कळतं.

आणि ज्यांना वाटतं की जुनं उकरून काय मिळणार त्यांच्यासाठी, 1998 साली फेलिटी आणि आंडा या अमेरिकन डॉक्टरांनी लहानपणच्या अशा अनुभवांवर अभ्यास छापला, त्या कामात पुढे 17,000 च्या वर मोठी माणसं होती, आणि असे अनुभव जितके जास्त तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसन, हृदयाचे आजार यांचं प्रमाण जास्त असं दिसलं. प्रत्येकाला होणारच असं नाही. पण जुनं ते संपलं असंही नाही.

तिसरी पायरी: पहिलं बोलणं

दोघांनीच बोला. तिघं-चौघं एकदम बसलात की दोन पार्ट्या पडतात. दिवाळी, भाऊबीज, वर्षश्राद्ध, कोणाचं बारसं, असल्या दिवशी अजिबात नको, घरात पाहुणे असतात, थकवा असतो आणि काही घरांत तर ग्लासही भरलेले असतात. व्हॉट्सअॅपवर तर नकोच. फॅमिली ग्रुप निरोपासाठी ठीक, पण रात्री अकराला टाकलेला लांबलचक मेसेज सकाळी वहिनी वाचते, मग तिच्या माहेरी जातो, मग तुमच्याकडे स्क्रीनशॉट परत येतो. शक्य असेल तर चालत बोला, रानातून, रस्त्याने, कुठूनही. समोरासमोर नजर भिडवून बसण्यापेक्षा चालताना माणूस जास्त बोलतो हे मी पाहिलंय. दादा घरात बसून एक वाक्य बोलायचा नाही, मळ्याच्या वाटेवर तासभर बोलला.

सुरुवात कशी करायची हे अडतं म्हणून काही वाक्यं देते, तुमच्या तोंडात बसतील तशी फिरवा:

"दादा, मला अण्णांच्या पिण्याच्या दिवसांबद्दल तुझ्याकडून ऐकायचंय. तुझं चुकलं असं काही म्हणायचं नाहीये."

"मला आठवतं ते असं. तुला वेगळं आठवत असेल तर सांग, मी मध्ये बोलणार नाही."

"आज नको वाटत असेल तर नको, पण कधी बोलायचं ते सांग."

ही वाक्यं टाळा: "तुला काय माहीत", "तू तर लाडका होतास", "मी होते म्हणून घर टिकलं", "एवढं काय मनावर घेतोस". आणि हमखास येणारं वाक्य म्हणजे झालं गेलं गंगेला मिळालं. ते आलं की वाद घालू नका. "बरं, जुनं राहू दे, पण आईचं आजचं ठरवायला लागेल" असं म्हणून कामाच्या विषयावर या. बरीच माणसं काम करता करता जुनं बोलायला लागतात, थेट विचारलं तर बोलत नाहीत.

माफी मागायला लावायची अट घालू नका. समोरच्याने स्वतःहून मागितली तर घ्या आणि विषय तिथंच ठेवा, "मग तेव्हा का नाही कळलं" हे पुढं जोडू नका.

चौथी पायरी: आई

आई मागे राहिलेली असते तेव्हा सगळ्यात अवघड हेच. ज्या बाईने अशी वीस-पंचवीस वर्षं काढली तिला सरळ मागायची सवयच राहिलेली नसते, कारण सरळ मागून तिला कधी काही मिळालंच नाही. मग ती दादाबद्दल मला सांगते, माझ्याबद्दल धाकट्याला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी याला त्रिकोण म्हटलंय, दोघांतला ताण तिसऱ्याला ओढून हलका करायचा. आपल्या घरात तो फोनवरून चालतो.

उपाय साधा आहे पण नेटाने करावा लागतो. आई म्हणाली, "तुझी वहिनी मला वेळेवर जेवायला देत नाही" तर आईवर चिडू नका आणि दादाला फोनही लावू नका. "आई, हे तू दादाला सांगितलंस का? त्याला सांग, मी रविवारी तिथं आहे, हवं तर मी शेजारी बसते." एवढंच, दर वेळी. पण आईची खरोखरच आबाळ होतेय अशी शंका असेल, वजन उतरलंय, अंगावर खुणा आहेत, तर मात्र न सांगता जाऊन बघा, तिथं हा नियम धरून बसू नका.

आता कामाची वाटणी. कागदावर तीन रकाने करा: पैसे, वेळ, डोक्याचा ताप. आपल्याकडे फक्त पहिला मोजला जातो. बाहेरगावचा भाऊ महिन्याला ठरलेली रक्कम पाठवतो आणि त्याला वाटतं झालं. पण आईला बीपी-शुगरसाठी दर महिन्याला मिरजेला नेणं, एसटीची नाहीतर गाडीची सोय, गोळ्या संपायच्या आत आणणं, रात्री दोनदा उठणं, आणि तिचं तेच ते बोलणं रोज ऐकणं, हे कोण करतं? बहुतेक घरांत वहिनी. म्हणून या बैठकीत वहिनी असलीच पाहिजे, आणि चहा करायला नाही, बोलायला. ती त्या घरातलं जुनं काही न भोगता त्याचं ओझं वाहतेय.

लिहून काय ठरवायचं: मेडिक्लेम कोणाच्या नावाने आणि हप्ता कोण भरणार, दवाखान्याचा निर्णय फोनवर कोण घेणार, वर्षातले कुठले दिवस आई दुसऱ्याकडे राहणार म्हणजे दादा-वहिनीला सुट्टी मिळेल, आणि रोख पैशाचा हिशोब कोण ठेवणार. आईला विचारून ठरवा, तिच्या माघारी नाही. दर सहा महिन्यांनी परत बघा कारण आईची तब्येत बदलते आणि भावंडांच्या नोकऱ्याही.

कोणीच करत नसेल तर 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात आई स्वतः अर्ज करू शकते आणि महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. पण भावंडांनी एकमेकांना धमकी म्हणून हा कायदा वापरू नये, आई मध्ये चिरडली जाते.

पाचवी पायरी: कर्ज, सातबारा, हक्कसोड

अशा घरात इस्टेट थोडी आणि उधारी जास्त असते. बाप गेल्यावर तेराव्याच्या आत माणसं दारात येतात, तुमच्या बापाकडं एवढे होते म्हणून. अब्रूपायी लगेच देऊ नका, सहीसुद्धा करू नका. कागद मागा. बापाच्या देण्याची वसुली त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून होऊ शकते, म्हणजे जेवढं तुमच्याकडे आलं तेवढ्यापुरती, तुमच्या पगारातून नाही. अपवाद एकच, तुम्ही स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार असाल तर. बापाचं देणं पोराने फेडणं हे धर्मकर्तव्य धरून पूर्वी कोर्टातून वसुली व्हायची, पण हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जाला तो आधार राहिलेला नाही. सोसायटीचं पीककर्ज असेल तर सातबाऱ्यावर बोजा दिसेल, तो आधी बघा. सावकार दमदाटी करत असेल तर त्याचा परवाना विचारा, विनापरवाना सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, त्यासाठी राज्याचा 2014 चा कायदा आहे.

वारस नोंद वेळेत करा, तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. नोंद करताना सगळी नावं लावा, बहिणींची पण. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगे, मुली आणि बापाची आई हयात असेल तर ती, यांचा वाटा सारखा. वडिलोपार्जित मालमत्तेत 2005 पासून मुलगी जन्माने सहहिस्सेदार आहे, आणि बाप 2005 आधी वारला असेल तरी तो हक्क जात नाही हे सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलंय. बँकेत नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणजे तो मालक असंही नाही, तो पैसे घेऊन वारसांना द्यायला बांधील असतो. विम्यावर मात्र नॉमिनी बायको, मुलं किंवा आई-बाप असतील तर 2015 च्या दुरुस्तीपासून नियम वेगळा आहे, तो वकिलाला विचारून घ्या.

हक्कसोड पत्राबद्दल कळकळीने सांगते. बहिणींनो, दुःखाच्या दिवसांत सही करू नका. "सही दिली नाहीस तर माहेर तुटेल" असं म्हणणारं माहेर सहीने टिकत नाही. सोडायचं असेल तर जरूर सोडा, माझ्या ओळखीत मनापासून सोडलेल्या बहिणी आहेत, पण काय सोडतोय, कोणाच्या नावे, घर आणि शेत दोन्ही का एकच, हे वाचून. ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं आणि एकदा नोंदवलं की मागे घेणं फार अवघड. आणि भावांनो, लहानपणी बहिणीने घर सांभाळलं, चूल सांभाळली, तुमचे मार स्वतःच्या अंगावर घेतले, हे सगळं विसरून फक्त "हुंडा दिला, लग्न केलं" एवढंच मोजू नका. वकिलाचे पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समिती गाठा, बायकांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन 15100. दावा लावायच्या आधी त्यांच्याकडे मध्यस्थी पण होते आणि मी म्हणेन तीच आधी करून बघा.

एक नियम पाळा. वाटणीच्या बैठकीत जुन्या तक्रारी नाहीत आणि जुन्या बोलण्यात वाटणी नाही. दोन वेगळे दिवस.

सहावी पायरी: भावंडांपैकी कोणी आता पितंय

हे बऱ्याच घरांत होतं, दारूचं व्यसन लागण्यात आनुवंशिक वाटा साधारण निम्मा धरतात, शिवाय घरात पाहिलेलं असतं. त्याला "अगदी बापावर गेलास" म्हणू नका, हे वाक्य त्याने स्वतःला आधीच हजारदा ऐकवलेलं असतं. त्याचं कर्ज फेडू नका, त्याच्या ऑफिसला खोटं सांगू नका, पण त्याच्या पोरांची फी थेट शाळेत भरायला हरकत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम बंद करू नका, फिट्स येऊ शकतात, भ्रम होतो, जीवावर बेततं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतंय आणि तिथं पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी गट आहे. दारूड्याच्या घरच्यांसाठीच्या अल-अॅनॉनच्या बैठका, ज्यांची सुरुवात 1951 साली अमेरिकेत झाली, आपल्याकडच्या शहरांतही असतात. त्यांची तीन वाक्यं मला फार आधाराची वाटतात: हे मी आणलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरं करू शकत नाही. बहीण म्हणून हे पचायला वेळ लागतो.

सातवी पायरी: जो बोलतच नाही

एखादा भाऊ किंवा बहीण संबंध तोडून बसलेली असते. कारण विचारत मागे लागू नका, मध्यस्थ म्हणून मामाला पाठवू नका. वर्षातून काही ठरलेल्या वेळी साधा मेसेज, ज्याला उत्तर द्यायची गरज नाही. "आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बरी आहे, तुला कळावं म्हणून." "परत ये", "आई रडते" हे त्यात नको. कायदेशीर नोटीस, वारस नोंदीची कागदपत्रं मात्र त्याला न चुकता पाठवा, वगळू नका. आणि तोडणारे तुम्हीच असाल तर तेही चालतं, काही घरांपासून लांब राहूनच माणूस नीट जगतो. फक्त कुठली बातमी कळावी असं वाटतं आणि कुठली नको, हे एका भावंडाला सांगून ठेवा.

मदत कधी आणि कुठे

झोप नाही, चिडचिड मुलांवर निघतेय, जीव नकोसा वाटतोय, तर भावंडांच्या बोलण्याची वाट बघू नका. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, 14416, मोफत, मराठीतून बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था 1990 पासून काम करतेय. घरात स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे काळजीवाहकांचे गट आहेत. भावंडांनी एकत्र काऊन्सेलरकडे जायचं असेल तर पहिल्याच फोनवर विचारा की कुटुंबासोबत काम करता का, सगळे करत नाहीत. आणि तुमच्यातल्या एकाचे जुने काऊन्सेलर असतील तर त्यांच्याकडे सगळे जाऊ नका, बाकीच्यांना बाजू घेतल्यासारखं वाटतं.

पुढच्या पोरांना काय सांगायचं

तिघांनी मिळून आधी ठरवा, नाहीतर चुलत भावंडं एकमेकांना वेगवेगळं सांगतात. लहान मुलांना एवढं पुरे: "आजोबांना दारूचा आजार होता, तेव्हा घरात सगळ्यांना त्रास झाला, मग त्यांनी सोडली." सोडली नसेल तर "शेवटपर्यंत सुटली नाही". आजीसमोर त्यांनी काही विचारलं तर आजीला उत्तर द्यायला लावू नका. पंधरा-सोळाच्या पुढच्या पोरांना आनुवंशिक धोका स्पष्ट सांगा, मुलींनाही, आणि त्यांनी विचारलं तर तो कालरेषेचा कागद दाखवायला हरकत नाही, आम्ही त्याच्या तीन झेरॉक्स काढून तिन्ही घरांत ठेवल्यात. डॉक्टरांनी घरच्या आजारांची माहिती विचारली की शुगर-बीपीच्या सोबत हेही सांगायचं, हे पोरांना सांगून ठेवा.